आमच्याकडे शिळं खात नाहीत

"वास घ्या," बाबा म्हणाले आणि मुटक्यांची ताटली त्यांनी अप्पा तोडकरांच्या नाकाखाली धरली. "घ्या, घ्या, लाजू नका. ताज्या अन्नाचा वास कसा असतो ते एकदा डोक्यात बसू दे."

अप्पांनी वास घेतला. स्वयंपाकघराच्या दारात आईच्या हातातला झारा जागच्या जागी थांबला. मी रेवाचा दंड धरून ठेवला होता, कारण माझी ही धाकटी बहीण तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"काय येतोय वास?"

"लसणाचा येतोय, सायेब," अप्पा म्हणाले.

"लसणाचा तर येणारच! पण लसणाच्या पलीकडे जा. माझं नाक पलीकडे जातं."

बाबांचं नाक ही आमच्या गावातली एक सरकारी वस्तू होती. सोलापूरपासून एसटीनं दोन तासांवरचं आमचं तालुक्याचं गाव; तिथल्या नगरपालिकेत माझे वडील, दत्तात्रय बिडकर, स्वच्छता निरीक्षक होते. हॉटेलं, खाणावळी, फरसाणाची दुकानं हा त्यांचा मुलूख. ते दारात उभे राहिले की हॉटेलवाला गल्ला सोडून उभा राहायचा. पातेल्यावरचं झाकण उचलून ते फक्त वास घ्यायचे आणि "कालचं" किंवा "आजचं" असा निकाल द्यायचे. त्यावर अपील नव्हतं.

बाबा लाच घेत नसत. हॉटेलात तपासणीला गेले तरी चहा स्वतःच्या पैशांनी पीत. या प्रामाणिकपणाबद्दल दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळात त्यांचा सत्कार व्हायचा, शाल आणि नारळ मिळायचा, आणि त्या नारळाचं खोबरं आई पुढे आठ दिवस पुरवायची. प्रामाणिकपणा बाबांचा होता, पण तो चालवायचं खातं आईकडे होतं.

घरात एकच कायदा होता: बाबा शिळं खात नाहीत. "आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी शिळ्याला हात लावलेला नाही," हे वाक्य ते लग्नामुंजीत म्हणायचे, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, आणि एकदा तर मयताला गेले असताना, तिरडी बांधून व्हायच्या आत, तिथल्या चार लोकांना ऐकवून आले होते.

खरी गोष्ट अशी की माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा शिळं खात आले होते. आणि बोटं चाटून खात होते.

आई काही टाकत नसे. टाकायला परवडतही नव्हतं. महिन्याचा शेवटचा आठवडा आला की डबे वाजायला लागायचे. रात्रीचा भात, उसळीचा तळ, वाळून कडक झालेली भाकरी, आंबटून गेलेलं ताक, कुणाच्या तरी बारशाहून आलेले बुंदीचे चुरे, या सगळ्याचं ती दुसऱ्या दिवशी असं काही करायची की त्याच्या आईबापांनीही त्याला ओळखलं नसतं. मग त्याला नाव द्यायची. पोळ्या कुस्करून फोडणीला टाकल्या की "माणिकमोती". भाकरीच्या चुऱ्याचा उपमा केला की "बंगळुरी". ताकात शिजवलेल्या भाताला एकदा तिनं "म्हैसूर राजभात" म्हटलं, तर बाबांनी संध्याकाळी शेजाऱ्यांना म्हैसूरच्या राजाच्या जेवणाची सगळी पद्धत समजावून सांगितली. आई फक्त नाव द्यायची. इतिहास बाबा स्वतः तयार करायचे.

आम्ही दोघी बहिणी या कारस्थानात होतो. मी, म्हणजे उजू, नववीत होते आणि मळण्यापासून फोडणीपर्यंत सगळं करायचे. रेवाचं काम एकच होतं, गप्प बसणं, आणि तेच सगळ्यांत अवघड होतं.

आता अप्पा तोडकरांबद्दल. बसस्टँडच्या मागे त्यांचं हॉटेल होतं, चार बाकांचं. तिथली भज्यांची आमटी खायला आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजारच्या दिवशी रांग लावायची. त्या आठवड्यात बाबांनी तिथलं झाकण उचललं आणि निकाल दिला, "भजी कालची." अप्पांनी कबूल केलं. "सायेब, आमटीत कालचीच भजी घालत्यात. ताजी घातली तर पीठ हून जातंय." बाबांनी त्याच दुपारी हॉटेलला कुलूप घातलं, त्यावर लाखेचं सील मारलं आणि परवाना कायमचा रद्द करण्याची शिफारस लिहायला घेतली. ती सोमवारी सकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जायची होती. अप्पांच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, आणि सगळ्यांचा पोटापाण्याचा धंदा ती आमटी.

म्हणून रविवारी दुपारी अप्पा आमच्या दारात आले. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, हातात टोपी. बाबा नुकतेच पानावर बसले होते. विनवणी सुरू करायला अप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"पान वाढलेलं असताना आलेल्या माणसाला आमच्याकडे उपाशी परत पाठवत नाहीत. आधी जेवा, मग बोला."

"नगं सायेब, मी खाऊन आलोय."

"अहो, बसा म्हणतो ना! बरंच झालं आलात. तुम्हाला समजावून दमलो, आता दाखवतोच. अगं, अप्पांना पान घे. आज हैदराबादी मुटके आहेत. निजामाच्या मुदपाकखान्यात व्हायचे."

निजामाच्या मुदपाकखान्यात काय व्हायचं ते निजामाला माहीत. आमच्या मुदपाकखान्यात सकाळी काय झालं ते मला पाठ होतं, कारण ते मीच केलं होतं. रात्रीचा भात, कालच्या उसळीतली मटकी आणि दुरडीच्या तळाशी राहिलेल्या दोन कडक भाकरी. डाळीचं पीठ घालून मळलं, मुठीनं दाबून उकडलं, कापून तिळाची आणि लसणाची सणसणीत फोडणी दिली. आणि हे खायला आता चाळीस वर्षं कढईशी घालवलेला माणूस बसला होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"आई, त्यांना नुसतं वरण-भात दे," मी पुटपुटले.

"वरण कुठलं?" आई तितक्याच हळू म्हणाली. "डाळ परवाच संपली."

वास घेऊन झाल्यावर अप्पांनी एक मुटका तोंडात टाकला आणि चावायला लागले. मग चावणं सावकाश झालं. मग थांबलं. त्यांनी दुसरा मुटका उचलला, मोडला, आतून बाहेर आलेला मटकीचा एक दाणा बोटावर घेऊन पाहिला आणि मान वर करून आईकडे पाहिलं. आई पदराच्या टोकाला पीळ घालत होती. त्या माणसाला सगळं कळलं होतं. भाकरीसकट.

"काय?" बाबांनी विजयी मुद्रेनं विचारलं. "बोला की!"

"सायेब, ह्यात काल..." अप्पा म्हणाले.

रेवानं श्वास रोखला. मी दोघींच्या वतीनं देवाला नारळ बोलून टाकला.

"...कालपासनं भिजवल्याली डाळ दिसतीय," अप्पांनी वाक्य पुरं केलं. "घाईचं काम न्हाई हे. वैनी, आजून दोन वाढा."

"हेच!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "मेहनत! ताजं अन्न म्हणजे मेहनत. तुम्ही काय करता? कालचं आज खपवता. ही बाई रोज पहाटे उठून ताजं रांधते. एवढ्या वर्षांत हिच्या हातचा शिळा घास माझ्या पोटात गेलेला नाही. तुमच्या आमटीचं झाकण उचललं तेव्हा मला आधी हीच आठवली."

अप्पा खाली मान घालून जेवत होते. दोन म्हणता म्हणता चार मुटके झाले. एका वाक्यात ते बाबांना जमिनीवर आणू शकले असते. 'सायेब, तुमच्या पानात काय हाय ते आधी बघा' एवढं म्हणायचा अवकाश होता. कुलूप तिथल्या तिथे निघालं असतं, कारण नाही काढलं तर गावभर बभ्रा झाला असता. मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील. पण त्यांनी हात धुतला, टोपी घातली आणि बाबांच्या पायाला हात लावला.

"आता येतो म्हनायचं. आन्न लई ग्वाड हुतं."

"आणि ते अर्जविनंतीचं?" बाबा म्हणाले. त्यांना विनवणी ऐकायची होती. नाकारण्याची वाक्यं त्यांनी पाठ केली होती.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं काम तुम्ही करताय." अप्पा आईकडे वळले. "वैनी, पोट भरलं. तुमच्या घराला काय बी कमी पडू नये."

ते दारात चपला घालायला वाकले. आई आत गेली होती, स्वतःपुरती भाकरी टाकायला. मी मागोमाग गेले. परातीत पीठ होतं, तवा तापला होता, आणि ती नुसतीच उभी होती.

"झाकलं गं त्यांनी माझं," ती म्हणाली. "स्वतःचं घर बुडत असताना झाकलं."

"बरं झालं ना मग! गप्प बस की आता."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. मग पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली.

"अप्पा, थांबा. अहो, ह्यांच्या हॉटेलचं सील काढा."

बाबांनी सुपारी कातरायला घेतली होती. "काय?"

"सील काढा म्हणते. आणि काढायचं नसेल तर तीच लाख घ्या आणि माझ्या स्वयंपाकघरालाही लावा."

"वैनी, नगं," अप्पा घाबरून म्हणाले. त्यांची एक चप्पल पायात आणि एक हातात होती. "सायेब, मला काय बी म्हाईत न्हाई हां. मी चाललो."

"जाऊ नका. तुमच्यासमोरच सांगते. मुटक्यांत रात्रीचा भात होता. मटकी कालची होती. भाकरी परवाच्या होत्या."

बाबा हसले. खरंच हसले. "अगं, काहीतरीच काय! मला वास आला असता."

"एवढा लसूण कशाला घालते मी?"

बाबांचा अडकित्ता थांबला. त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक पदार्थ जायला लागला असावा.

"माणिकमोती?"

"कालच्या पोळ्या."

"बंगळुरी?"

"भाकरी."

"म्हैसूरचा राजभात?" हे विचारताना त्यांचा आवाज जरा कातर झाला. म्हैसूरवर त्यांचा फार जीव होता.

"आंबलेलं ताक आणि भात."

"आणि जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी जेवायला आले होते, ते? त्यांनी तर घरी न्यायला मागून घेतलं होतं!"

"सत्यनारायणाच्या शिऱ्याच्या सांजोऱ्या. आदल्या दिवशीचा शिरा."

"बाबा, मला माहिती होतं," रेवा म्हणाली. तिला आणखी रोखून धरणं माणुसकीला धरून नव्हतं. "मला सगळं माहिती होतं! दिवाळीचंपण!"

"दिवाळीचं काय?" बाबांनी विचारलं आणि मी रेवाच्या तोंडावर हात ठेवला. ते भिंतीला टेकले. गावात ज्याच्यापुढे कढया थरथरायच्या, तो माणूस स्वतःच्या पोटाकडे अविश्वासानं पाहत होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्यांची अशी दया आली की रडूही येत होतं. मी दोन्ही आवरलं.

"पैसे पुरत नव्हते तर सांगायचं होतंस," ते शेवटी म्हणाले. "मी काय राक्षस आहे? फसवायचं कशाला?"

आईच्या बोटांवरचं पीठ वाळलं होतं, ते ती चोळून काढत राहिली. मग बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीचे भाव सांगावेत तसा.

"पैशाचं नंतर आलं. मी लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं, आमचा दत्तू शिळं खात नाही. मामंजी खात नव्हते. भावजी खात नव्हते. सासूबाईंना पित्त व्हायचं. सगळे ताजं खाऊन उठायचे, आणि रोज काही ना काही उरायचंच. ते जायचं कुठे? टाकायचं तर नाही, अन्न आहे. घरात गाय नव्हती. मी होते."

बाबांनी मान वर केली.

"तीन वर्षं मी सकाळचं रात्री आणि रात्रीचं सकाळी खाल्लं. उजू पोटात असताना कडकडून भूक लागायची, आणि पानात काय, तर विटायला आलेली आमटी. तुम्ही शेजारी बसून म्हणायचात, आमच्याकडे शिळं खात नाहीत. तेव्हा मला वाटायचं, मी ह्या 'आमच्या'त आहे की नाही?"

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलणार? एक दिवस चिडून उरलेल्या पोळ्या कुस्करल्या, भरपूर कांदा-लसूण घालून फोडणी दिली आणि पहिल्यांदा तुमच्या पानात वाढल्या. म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. तुम्ही काय केलंत? तीनदा मागून घेतलंत. भावजींनी कढई पुसून खाल्ली. मला काही उरलंच नाही." इतका वेळ सरळ असलेला तिचा चेहरा इथे जरा हलला. "मग माझ्यासाठी मला नवीन भाकरी टाकावी लागली. तव्यावरची, टम्म फुगलेली. चटणी-तेलाबरोबर एकटी बसून खाल्ली. त्या दिवशी मला ह्या घराची युक्ती कळली. तुमच्या भाकरी पहाटे करून दुरडीत ठेवते मी. फोडणीचं तुम्ही संपवता. सगळ्यांत शेवटी मी माझी टाकते. इतकी वर्षं ह्या घरात ताजं खाणारी मी एकटीच आहे."

मग एक विचित्र आवाज आला. अप्पा तोडकर दाराच्या चौकटीला धरून हसत होते. आवरायचा प्रयत्न करत होते, टोपी तोंडात कोंबत होते, आणि हसत होते.

"माफी करा, सायेब," ते डोळे पुसत म्हणाले. "पर वैनींनी हॉटेल टाकलं असतं तर मी कवाच भिकंला लागलो असतो."

बाबा उठले. मला वाटलं, आता स्फोट होणार. त्यांनी खुंटीवरचा सदरा घातला, फळीवरून कुलपाची किल्ली घेतली आणि कुणाकडेही न बघता अप्पांना म्हणाले, "चला."

पुढचं अप्पांच्या सुनेनं आम्हाला सांगितलं. बाबांनी सील स्वतःच्या हातानं फोडलं. शिफारशीचा कागद फाडला. पण नाक गेलं तरी कायदा गेला नव्हता. त्यांनी अप्पांना पाटी लावायला लावली, 'कालच्या भज्यांची आमटी', म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक नको. ती पाटी वाचायला म्हणून लोक यायला लागले आणि आमटी खाऊन जायला लागले. पुढे अप्पांनी आणखी चार बाक टाकले.

बाबा परतले ते दिवे लागल्यावर. हातपाय धुतले, पानावर येऊन बसले आणि घसा खाकरून जाहीर केलं. पश्चात्तापसुद्धा त्यांना हुकूम सोडल्यासारखाच करता यायचा.

"आजपासून घरात जे शिळं असेल, ते आधी मला वाढायचं. नाव न बदलता. काय आहे आज?"

"काही नाही," आई म्हणाली.

"म्हणजे? दुपारचे मुटके होते ना?"

"ते संपले. आम्ही तिघी जेवलो."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना मुटके संपल्याचं काही वाटलं नव्हतं. "तूही जेवलीस? माझ्या आधी?"

"भूक लागली होती."

हे उत्तर आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. त्याला काय म्हणायचं असतं ते बाबांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांनी आपलं पान जरा पुढे सरकवलं. आईनं तवा ठेवला. पीठ मळलं, थापलं, पाण्याचा हात फिरवून भाकरी उलटली, आणि ती विस्तवावर फुगून वर आली तशी चिमट्यानं उचलून थेट त्यांच्या पानात टाकली. बाजूला शेंगांची चटणी, वर तेलाची धार. बाबांनी भाकरीचा पापुद्रा फोडला. आतून वाफ आली आणि त्यांनी बोटं मागे घेतली. इतकी गरम भाकरी मोडायची त्यांना सवय नव्हती. फुंकर मारून त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग अर्धी भाकरी संपेपर्यंत मान वर केली नाही.

"भलतीच चांगली लागते गं ही," ते म्हणाले.

आई चुलीपुढे दुसरा गोळा थापत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.